मूळ स्थान

पद्माक्का मगदुमांच्या परसात
डालड्याच्या गंजक्या डब्यात ओवा होता.
ओवा नव्हे हो अक्का, मी म्हणायची
(तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलेली जीभ),
खरा ओवा कोथिंबिरीच्या घरातला, दाण्याचा.
ही तुळशीची चुलतबहीण.
वास तेवढा उसना.
अक्का पान चुरडून माझ्या नाकाशी धरायची,
"मग ह्यो कशाचा वास हाय?"

फळ्यावर मी लिहायची,
मूळ स्थान : आफ्रिकेचा पूर्व किनारा, बहुधा.
मुलं उतरवून घेताना 'बहुधा' गाळायची.
कुठल्या गलबतातून, कुणाच्या गाठोड्यातून,
की कुणा खोकणाऱ्या खलाशाच्या उशाशी
एक फांदी ओल्या फडक्यात तगून आली,
पुस्तकात नाही.
बी इथं सहसा धरत नाही.
फांदी मोडायची, मातीत खुपसायची, विसरायचं.
म्हणजे सांगलीतला प्रत्येक पानओवा
कुणीतरी कुणालातरी
हातानं दिलेला.

अक्काचं मूळ स्थान : रायबाग.
"मावशीनं दिलतं."
मावशीला कुणी?
"तिच्या जावंनं. जावंला मी वळखत न्हाई."

पान तव्यावर टाकायचं. चर्र झालं, मऊ पडलं,
की तळहातात पिळायचं, चार थेंब.
मध? "मध आमच्यात चालत न्हाई, गूळ घाल."
बाळ तोंड वेडंवाकडं करतं, मग मिटक्या मारतं.
पोट फुगलं तर मिठाचा खडा घालून चावायचं.
गांधीलमाशी चावली तर चोळायचं,
कपाळ ठणकलं तर नुसतं चिकटवून बसायचं
आणि कुणाशी बोलायचं नाही
(हे शेवटचं, मला वाटतं, खरं औषध).
कशालाच काही झालं नसेल
तर बेसनात बुडवून भजी.

यार्डातला अंबाण्णा हमाल
हळदीची पोती उचलून घरी यायचा तो पिवळा,
थुंकी पिवळी, रुमाल पिवळा,
छातीत सगळा हंगाम भरलेला.
डॉक्टरकडे जा, मी सांगितलं.
गेला. गोळ्याही घेतल्या.
अक्कानं तरी जाता जाता एक फांदी मोडून दिली.
ती त्यानं टोपीत खोवून नेली
कवठेमहांकाळला, जिथं तेव्हा
प्यायला टँकर येत होता.

मग त्या ऑगस्टात
आयर्विनवरचा आकडा चढत गेला.
आम्ही दोघी मिरजेत, शाळेच्या वर्गात,
सतरंजीवर नऊ रात्री.
परतलो तर परसात गाळ. गुडघाभर.
डबा नाही, भिंतही अर्धीच.
कॉलेजात माझी वाळवलेली पानं,
कागदाला कागद चिकटून लगदा झालेली.
एका कागदावर शाई पसरून
'मूळ स्थान'च्या पुढं
फक्त एक जांभळा डाग.

मी नर्सरीत चौकशी केली.
अक्का म्हणाली, "इकत आणू नगंस. इकतचं लागत न्हाई."
शास्त्रात असं काही नाही.
मी आणलं नाही.

दिवाळीच्या आधी यार्ड सुरू झालं.
अंबाण्णा दारात उभा,
ओल्या गोणपाटात पाच-सहा फांद्या,
"लय माजलाय की ओ आमच्यात. टँकरच्या गळतीवर."
अक्कानं पान तोडलं, चुरडलं, हुंगलं.
"ह्योच त्यो," म्हणाली.

तोच. शब्दशः तोच.
त्याच देठाचा पुढचा हात :
रायबागच्या मावशीचा, अनोळखी जावेचा,
किनाऱ्यावर उतरलेल्या कुणाचा तरी.
वर्गात हे मी कितीदा सांगितलं होतं.
पण तेव्हा माझ्या बोटांना वास नव्हता.

अक्का आत ओरडली, बेसन आहे का बघ.
अंबाण्णा पायरीवर बसून
अजून थोडा खोकत होता.